गुरुजींची नळी काढू नकोस

टिळकवाडी, बेळगाव
रविवार

प्रिय दत्ता,

गुरुजी परवा नंदगडला परत येतायत, म्हणजे तुझ्या हाती. फोनवर तू मध्येच तोडतोस, आणि हे अर्धं ऐकून चालणार नाही, म्हणून कागद घेतला. इकडं सगळे बरे. आईचे गुडघे तसेच.

गुरुजींचं अंथरूण गेलं वर्षभर रात्री ओलं होत होतं. आपल्या गुरुजींनी ते कुणाला सांगितलं असेल का, तूच बघ. बाळूनं डायपर आणले, वसूनं रबरी चादर घातली, वय झालं म्हणून सगळे गप्प बसले. एका दवाखान्यात लघवीत पू-पेशी दिसल्या म्हणून पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक दिलं, पायाला सूज म्हणून लघवी वाढवणारी गोळी दिली. पोटावर हात कुणी ठेवला नाही रे! इथं आले तेव्हा मूत्राशय बेंबीपर्यंत हाताला लागत होतं आणि दुखणं शून्य. नळी घातल्यावर १,६०० मिली निघालं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ७.२, पोटॅशियम ५.९, सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली.

दुखत नाही, तिथंच सगळे फसतात. अचानक तुंबलं तर माणूस गडाबडा लोळतो. हे मात्र महिनोन्‌महिने हळूहळू ताणत जातं. वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी वाट अडवते, लघवी करून आल्यावरही आतला दाब उतरत नाही, आणि पाटाचं दार बंद राहिलं की पाणी मागच्या शेतात शिरतं तसं ते मूत्रपिंडापर्यंत तुंबतं. झोपेत खालचा स्नायू सैल पडला की वरचं सांडतं. म्हातारपणी नव्यानं अंथरूण ओलं व्हायला लागलं तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मी तुंबलेली लघवीच धरतो.

आता आपलं जुनं भांडण. नळी घातल्यावर ५०० मिलीला चिमटा लावायचा की नाही? मिरजेच्या कॅन्टीनमध्ये तू टेबल बडवून सांगितलं होतंस की एकदम रिकामं केलं तर रक्त येतं, बीपी पडतं. २०१३ साली जर्मनीमधल्या अभ्यासाचे निकाल छापून आले. २९४ रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले, एका गटाचं एकदम, दुसऱ्याचं थांबत थांबत रिकामं केलं. रक्त येणं, बीपी पडणं, कशातच फरक दिसला नाही. गुरुजींचंही एकदम काढलं. लघवी थोडी लालसर झाली, दुसऱ्या दिवशी साफ. चहा तुझ्याकडून, तोही कुंद्याबरोबर.

खरी काळजी पुढची होती. दाब सुटला की मूत्रपिंडं पाणी आणि मीठ सोडत सुटतात. दोन तास सलग ताशी २०० मिलीच्या वर, किंवा दिवसाला तीन लिटरच्या वर गेलं की सावध व्हायचं. गुरुजींचं पहिल्या दिवशी पाच लिटर झालं. तेवढंच सलाईन ओतायचं नाही, नाहीतर आपणच लघवी वाढवत बसतो. शुद्धीवर असलेल्या माणसाला तहानेप्रमाणं पिऊ द्यावं, शिरेतून द्यायचंच झालं तर गेल्या तासाच्या लघवीच्या निम्मं. वजन रोज, बीपी आडवं आणि उभं, सोडियम-पोटॅशियम सुरुवातीला दिवसातून दोनदा. सिस्टरनं कन्नडमध्ये लिहिलेला तक्ता गुरुजींनी मागून घेतला आणि म्हणाले, "बेरीज चुकली." खरंच ४०० मिलीनं चुकली होती! सिस्टर तेव्हापासून तक्ता आधी त्यांना दाखवते.

आता क्रिएटिनिन २.१ वर थांबलंय. त्यांच्या ७६ वर्षांला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याचा अंदाज, ३२ च्या आसपास येतो. उरलेलं नुकसान बहुधा कायमचं.

दत्ता, आता हे नीट वाच. बाळू म्हणेल, गुरुजींना पिशवीची लाज वाटते, नळी काढून बघू या. काढू नकोस. साध्या तुंबण्यात वाट सैल करणारं टॅम्सुलोसिन देऊन दोन-तीन दिवसांनी काढून बघतात, पण मूत्रपिंडं फुगलेल्या माणसात नाही. लघवी होते आहे असं वाटत राहतं आणि आत पुन्हा तेच सुरू होतं. दुर्बिणीनं प्रोस्टेटचं ऑपरेशन होईपर्यंत नळी राहणार.

नळी सिलिकॉनची आहे, १६ नंबर, बारा आठवडे चालते. मध्येच बदलावी लागली तर जेली घालून तीन-चार मिनिटं थांब, नळी दांड्यापर्यंत आत जाऊ दे, लघवी आल्याशिवाय फुग्यात पाणी भरू नकोस. फुगा वाटेतच फुगला तर मूत्रमार्ग फाटतो. पुढची कातडी मागं घेतलीस तर पुन्हा पुढं आण, हे घाईत राहून जातं. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको.

नळीतल्या लघवीत जंतू सापडणारच. ताप, थंडी, कुशीत दुखणं नसेल तर त्यांना अँटिबायोटिक देऊ नकोस. कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, लागलंच तर नळी बदलून नव्या नळीतून घे, पिशवीतलं कधीच नाही. ऑपरेशनच्या आधी मात्र कल्चर करून जंतू असतील तर औषध द्यायचंच. प्रोस्टेटची रक्तातली तपासणी, पीएसए, आत्ता करू नकोस, तुंबल्यानं आणि नळीनं तो खोटा वाढतो, सहा आठवडे जाऊ देत. कंबरदुखीला डायक्लोफेनॅकची सुई अजिबात नको, मूत्रपिंडांना ती बाधते, गुरुजींनी मागितली तरी.

आणि तुझ्याकडं येणाऱ्या बाकीच्या म्हाताऱ्यांची सोनोग्राफी बघताना एक कर. तट्ट पाणी पाजून, तासभर ताटकळत ठेवून मोजलेली शिल्लक लघवी खोटी जास्त येते. नेहमीसारखी लागली की जाऊ दे, आल्या आल्या मोजायला सांग. ३०० मिलीच्या वर आली तर त्याच दिवशी क्रिएटिनिन.

सायलीची ॲडमिशन झाली का? घराचा स्लॅब टाकून झाला असेल. वहिनींना नमस्कार सांग.

गुरुवारी क्रिएटिनिन-पोटॅशियम पाठव तपासायला. पोटॅशियम ५.५ च्या वर आलं तर रात्र असली तरी फोन कर.

तुझा,
अरुण