मोनो कोलोरादो मोजायची कशी

ओसा द्वीपकल्प, कोस्टा रिका
दि. 14 सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

"टोळीत माकडं किती?" हा तुमचा एका ओळीचा प्रश्न पोचला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचं जनावर मोजणाऱ्याला तो सोपा वाटणारच. पण इथले स्पायडर मंकी पाणवठ्यावर सहसा येतच नाहीत. बरंचसं पाणी फळांतून मिळतं, थोडं झाडांच्या ढोलीतलं. जमिनीवर उतरणं क्वचित. इथली माणसं त्यांना 'मोनो कोलोरादो' म्हणतात, म्हणजे तांबडं माकड.

खरी अडचण निराळीच आहे. आपल्या वानरांची टोळी एकत्र हिंडते, रस्ता ओलांडताना मोजून होते. यांची वीस-चाळीस जणांची टोळी सगळी मिळून एका जागी जवळजवळ कधीच नसते. तीन-चार जणांच्या तुकड्या पांगतात, वाटेत दुसऱ्या तुकडीला भेटतात, तासाभरात वेगळ्याच जोड्या करून पुढे जातात. हे सगळं पोटापायी. वानराच्या पोटाला कप्पे असतात, पानं तो सावकाश आंबवून पचवतो आणि पानं सगळीकडे असतात. मोनो कोलोरादोचं पोट साधं, अन्न चारेक तासांत बाहेर, म्हणून त्याला पिकलेलं फळच लागतं; आहारात तीन-चतुर्थांशाच्या आसपास तेच. पिकलेलं झाड आज इथं, तर उद्याचं अर्ध्या किलोमीटरवर. लहान झाडावर चौघांचं भागतं. उंबराच्या जातीचं मोठं झाड पिकलं की पंधरा-वीस जमतात. फळांची टंचाई असली की तुकड्या आणखी लहान होतात.

म्हणून आधी झाड शोधायचं. सध्या 'होबो' पिकलाय, म्हणजे आपल्या आंबाड्याचा सख्खा भाऊ. वास तसाच आंबूस. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर माकडांनी अर्धवट खाऊन टाकलेली होबोची फळं तपासली, तर त्यांत 1 ते 2 टक्के अल्कोहोल निघालं. ताडीपेक्षा सौम्यच! उजाडायच्या आत झाडाजवळ बसावं, पण बुंध्याखाली नको. माणूस ओळखीचा नसला की ही माकडं भुंकतात, फांद्या हलवतात, वाळकी फांदी मोडून खाली सोडतात. तसं झालं की वीस-पंचवीस पावलं मागे सरून गप्प बसायचं. त्यांच्या मागे लागलं तर ती पळतात आणि त्या दिवशीची मोजणी वाया जाते.

दुसरी तुकडी जवळ असेल तर घोड्याच्या खिंकाळण्यासारखी लांब हाक येते. डोळ्यांआधी कान कामाला लावायचे.

तुकडी कुठे संपते, हा अंतराचा नियम पहिल्या दिवशीच ठरवून टाकायचा. कोणी 30 मीटर धरतं, कोणी 50. अ आणि ब जवळ, ब आणि क जवळ, तर तिघंही एका तुकडीत. नियम मधेच बदलला तर आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

चेहरा हीच ओळख: डोळ्यांभोवतीचे फिकट डाग, मोडलेलं बोट, शेपटीचा बाक. आभाळाकडे तोंड करून बघताना सगळी काळीच दिसतात, त्यात शेपटी पाचव्या हातासारखी. तिच्या टोकाशी आतल्या बाजूला केस नसतात, तळहातासारख्या रेषा असतात, आणि नुसत्या शेपटीवर लटकून दोन्ही हातांनी खाणं चालू असतं. हाताला अंगठा नाहीच, चार लांब बोटांचा हूक. शास्त्रीय नाव 'आटेलेस' म्हणजे अपूर्ण, ते यावरूनच. मला ते नाव अन्यायाचं वाटतं.

नवख्याची हमखास चूक नर-मादीत. मादीचा योनिलिंग (क्लिटोरिस) लांब आणि लोंबता असतो, त्यामुळे ती नर म्हणून लिहिली जाते. नराला खाली वृषण दिसतात. ते दिसेपर्यंत वहीत प्रश्नचिन्हच ठेवावं. पिल्लू पोटाला असेल तर शंका नको. पुढे ते पाठीवर बसतं आणि दोन झाडांमधल्या फटीवर आई स्वतःच आडवी होऊन त्याला पूल करून देते. मादी साधारण तीन वर्षांतून एकदा विते, म्हणून एक मादी शिकारीत गेली तर तूट भरायला फार वर्षं लागतात.

आणि वानरांशी ताडून बघा, मामा: तुमच्याकडे वयात आलेले नर टोळी सोडतात, इथं तरुण मादी जाते. यादीतली अशी मादी नाहीशी झाली तर लगेच 'मेली' लिहू नये, शेजारच्या टोळीत शोधावं. मोठा नर दिसेनासा झाला तर मात्र काळजी करावी. नर जन्मभर एकाच टोळीत राहतात आणि सीमेवर मिळून जातात. मेक्सिकोत युकातानच्या पुंता लागुना इथं तर नर जमिनीवर उतरून, आवाज न करता, एकामागे एक रांगेनं शेजाऱ्यांच्या हद्दीत शिरताना नोंदले गेलेत. एरवी खाली पाय न ठेवणारी माकडं!

तर आकडा एका सकाळी मिळत नाही. रोज कोण कोणाबरोबर ते लिहायचं. महिने लोटले आणि वहीत नवा चेहरा यायचा थांबला, की तीच टोळीची संख्या. माझ्या यादीत शेवटचा नवा चेहरा परवाच आलाय, म्हणून अजून आकडा कळवत नाही.

मामींना नमस्कार. आंबाड्याचं लोणचं घातलं असेल तर एक बरणी राखून ठेवा.

तुमची भाची,
सुमा