‘मेडिकल जाईल’ ही भीती आधी घालवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा मुलगा प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात चार दिवसांच्या सुट्टीवर डोंबिवलीला आला आणि पडदे ओढून पडून राहिला. ड्युटीच्या रोस्टरमुळे झोपेचं खोबरं झालं असेल, असं मी धरून चालले. पण थालीपीठ ताटात तसंच राहायचं, मित्रांचे फोन वाजून वाजून बंद व्हायचे. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “आई, मी नसतो तर तुमच्या डोक्यावर हे कर्ज तरी नसतं.” त्याच्या ट्रेनिंगसाठी आम्ही घर तारण ठेवलंय. मी सरळ विचारलं, “जीव द्यायचे विचार येतात का रे?” तो रडला. मग पहिलं वाक्य: “डॉक्टर नको, मेडिकल जाईल.” मेडिकल म्हणजे विमान चालवायला लागणारं आरोग्याचं प्रमाणपत्र; ते गेलं की उडणं बंद.

24 मार्च 2015 ला जर्मनविंग्ज या जर्मन कंपनीचं विमान फ्रान्समधल्या आल्प्समध्ये सहवैमानिकाने जाणूनबुजून कोसळवलं, 150 माणसं गेली. नैराश्यातले फार थोडे लोक दुसऱ्याच्या जिवावर उठतात, हे मला ठासून सांगायचंय. पण त्या तपासाचा अहवाल वाचताना माझे हात थरथरत होते. त्या सहवैमानिकाच्याही डोक्यावर प्रशिक्षणाचं कर्ज होतं, सुमारे 41 हजार युरो. घटनेच्या दोन आठवडे आधी एका डॉक्टरने त्याला मनोरुग्णालयात उपचार घ्यायला सुचवलं होतं. कंपनीला पत्ताच नव्हता. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैमानिकांच्या एका निनावी सर्वेक्षणात 12.6 टक्के जणांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. नाव द्यायचं नव्हतं, म्हणून एवढे तरी बोलले.

युरोपात 2021 पासून विमान कंपन्यांना सहकारी-आधार योजना सक्तीची आहे: वैमानिकाने आधी विश्वासाने दुसऱ्या वैमानिकाशी बोलायचं. आपल्याकडे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएनेही 2023 मध्ये अशी योजना सुचवली. पण उपचारांच्या काळात पगाराचं काय, याचं उत्तर मिळाल्याशिवाय माझ्या मुलासारखी पोरं तोंड उघडणार नाहीत. तो सव्वा वर्ष जमिनीवर होता. भत्ते बंद, हप्ते आमच्या पेन्शनमधून. आज तो पुन्हा उडतोय. ज्यांच्या घरी पेन्शन नाही, त्यांनी काय करायचं? आजारपणात किमान निम्मा पगार आणि लायसन्स गेलं तर भरपाई देणारा, मनाच्या आजारालाही लागू होणारा विमा, एवढं कंपन्यांनी द्यावं.

त्या रात्री कोणाला फोन करावा, हे मला सुचत नव्हतं. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. कृपया तो ठळक छापा.

आपली,
एका वैमानिकाची आई, डोंबिवली