नाव सुटतं कसं: कथा लिहिणाऱ्या मित्रास पत्र

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझी कथा दोनदा वाचली. वाड्यातली ती बाई, कुणालाच ठाऊक नसलेलं तिचं नाव, ते घेताच सुटलेली तिची पकड, हे फार चांगलं उतरलंय. अडतं एकाच जागी: नायकाला ते नाव माळ्यावरच्या पोथीत सापडतं. तिथे गोष्टीतली हवाच जाते. खऱ्या नावाच्या ज्या गोष्टी शतकानुशतकं टिकल्या, त्यांतल्या सगळ्यात जोरकस गोष्टींत नाव ज्याचं असतं त्याच्याच तोंडून सुटतं.

ग्रिम बंधूंच्या परीकथेतला बुटका रुम्पेलस्टिल्टस्किन घे. राणीला तीन दिवसांची मुदत: त्याचं नाव ओळख, नाहीतर बाळ दे. पहिल्या दिवशी ती कास्पर, मेल्खिओर अशी नेहमीची नावं घेते, दुसऱ्या दिवशी चित्रविचित्र. सगळी फुकट. तिसऱ्या दिवशी दूत डोंगरापलीकडची बातमी आणतो: एका झोपडीपुढे जाळ पेटलाय आणि एक बुटका एका पायावर उड्या मारत गातोय, बरं झालं माझं नाव कुणाला ठाऊक नाही. आणि त्याच ओळीत नाव! लपवल्याचा आनंदच त्याला पोटात ठेवता येत नाही. पुढची बारीक गोष्टही बघ. राणी लगेच नाव घेत नाही. आधी विचारते, कुन्त्स? मग, हाइन्त्स? आणि मग खरं. मधले हे दोन चुकीचे अंदाज काढले तर प्रसंग आडवा होईल.

1812 च्या पहिल्या आवृत्तीत तो नुसता चिडून पळून जातो. स्वतःला उभा फाडून घेतो ते नंतरच्या आवृत्त्यांत. म्हणजे नाव कळल्याने नेमकं काय होतं, हे सांगणाऱ्याने ठरवायचं असतं. तुझ्या कथेत एका पानावर तिची पकड सुटते, पुढच्या पानावर ती मरते. एकच ठेव. मी पकड ठेवली असती.

ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसचं उलटं. गुहेत कोंडणाऱ्या राक्षसाला तो आपलं नाव 'कुणी नाही' असं सांगतो आणि त्यावरच वाचतो. राक्षस ओरडतो, 'कुणी नाही' मला मारतोय, आणि मदतीला आलेले शेजारी परत फिरतात. पण गलबत किनाऱ्यापासून दूर गेल्यावर ओडिसियसला राहवत नाही. सोबती हातापाया पडत असताना तो ओरडून सांगतो: मी ओडिसियस, लाएर्तीसचा मुलगा, राहणार इथाका. राक्षस हाच मजकूर जसाच्या तसा उचलून समुद्रदेवापुढे शाप मागतो. नाव, बापाचं नाव, गाव! आपण संकल्पात नाव-गोत्र सांगतो तेही याच कारणाने, की देवाला माणूस नेमका कळावा. शापालाही पूर्ण पत्ता लागतो.

इजिप्तची गोष्ट सगळ्यात कठोर. म्हातारा सूर्यदेव रा चालताना त्याची लाळ गळते. इसिस देवी ती मातीत मळून साप करते आणि त्याच्या वाटेवर ठेवते. विष चढल्यावर ती म्हणते, खरं नाव सांग, तरच उतरवीन. तो बिरुदं सांगत सुटतो: सकाळी मी खेप्री, दुपारी रा, संध्याकाळी अतुम. ती म्हणते, यात तुझं नाव नाही. शेवटी वेदना असह्य झाल्यावर तो नाव तिच्या स्वाधीन करतो. तुरिनच्या संग्रहालयातल्या सुमारे 3200 वर्षांपूर्वीच्या पपायरसवर ही गोष्ट आहे, पण ते नाव त्यात लिहिलेलंच नाही. मजकूर मुळात विष उतरवायचा मंत्र आहे. वाचकालाही नाव न सांगण्याचं हे धाडस तूही करून बघ.

आपल्याकडे तर याचे नियमच होते. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाला चारचौघांतलं एक नाव, आणि अभिवादनासाठी दुसरं, जे मुंजीपर्यंत फक्त आईबापांना ठाऊक. बृहदारण्यक उपनिषदात बाप जन्मलेल्या मुलाला 'वेदोऽसि', म्हणजे तू वेद आहेस, असं म्हणतो आणि तेच त्याचं गुह्य, म्हणजे गुप्त, नाव होतं. शतपथ ब्राह्मणात इंद्राचं गुह्य नाव अर्जुन. म्हणून ज्या नक्षत्रांना अर्जुनी म्हणायचं, त्यांना आडवळणाने फल्गुनी म्हणतात. ते गुह्य नाव घ्यायला कोण धजेल, असं तिथे विचारलंय.

तुझी कथा वाड्यातली आहे, तेव्हा पोथीपेक्षा जवळची वाट तुझ्या हाताशी आहे: बारसं. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते, मग बायका पाळणा म्हणतात आणि त्या पाळण्यात नाव गुंफलेलं असतं. तुझ्या बाईला एकटी असताना तिच्या आईचा पाळणा गुणगुणू दे. पहिल्या प्रकरणात तीन कडवी येऊ देत, चौथ्याला ती थांबू दे. नायक मधल्या प्रकरणांत दोनदा चुकू दे. शेवटी ती विसरून चौथं कडवं म्हणते, आणि तो दाराआड उभा असतो.

पोथीचा परिच्छेद, पान 14 वरचा, पूर्ण काढ. त्यातलं माळ्याच्या धुळीचं वाक्य मात्र सुंदर आहे, ते दाराआडच्या प्रसंगात लाव. नवा खर्डा झाला की लगेच पाठव, मी वाट बघतोय.

तुझा,
मिलिंद