पुढचा ब्रेक

कराड,
मंगळवार, रात्री साडेदहा

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

नव्या मोटरसायकलचा फोटो पोचला. तो तू आईला पाठवलास आणि खाली "पप्पांना तूच सांग" असं लिहिलंस, त्यामुळं दोन दिवस या घरात आरोपी मीच आहे. पोरगी शाळेतनं आली की गॅरेजात पान्हे पुसत बसायची तेव्हाच हे ठरलं होतं, असं तुझ्या आईचं म्हणणं. असेलही.

गाडी परत कर म्हणायला हे पत्र नाही. पगार तुझा, हप्ता तुझा. ३५० सीसीच्या वरच्या गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागतो आणि खालच्या गाडीवर १८, हे तुला माहीत असूनही तू ३९९ सीसीची घेतलीस, म्हणजे हौस पक्की आहे. आणि तुझी ही केटीएम ड्यूक ३९० चाकणलाच तयार होते, तुझी नोकरीही चाकणची. दोघी एकाच गावच्या, मी मध्ये कोण पडणार?

पण फोनवर तू तीनदा "एबीएस आहे ओ पप्पा" म्हणालीस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळतीय. तुझं लर्निंग लायसन आलं त्या आठवड्यात गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत मी तुला स्प्लेंडर शिकवली. पहिल्याच फेरीला ओरडलो होतो, "पुढच्या ब्रेकला हात लावू नको, तोंडावर पडशील! मागचा दाब!" तू तेव्हाही ऐकायचीस. पुढं पुण्यात सहा वर्षं ॲक्टिव्हा चालवलीस, तिथंही सगळा भरवसा डाव्या हाताच्या लिव्हरवर.

मी चुकीचं शिकवलं होतं. ते आता काढून टाकायला पाहिजे, आणि ते काढल्याशिवाय त्या गाडीवर घाई नको.

एसटीत उभ्यानं जाताना ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला की सगळी माणसं पुढं जातात. गाडीच्या वजनाचंही तसंच. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो, पुढचा टायर रस्त्याला चिकटतो आणि मागचा हलका होतो. हलक्या चाकाला कितीही दाबलं तरी ते धरणार कशाला? नुसतं घसरणार. म्हणून तर कंपनीनं पुढं ३२० मिलिमीटरची डिस्क दिलीय आणि मागं २४० ची. थांबवायचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो.

मग आम्ही असं का शिकवायचो? आम्ही शिकलो आरएक्स १०० वर. पुढं-मागं दोन्हीकडं ड्रम, आणि रस्ता म्हणजे डांबरापेक्षा मुरूमच जास्त. मुरमावर पुढचा ब्रेक कुणी हिसक्यानं धरला की चाक अडकायचं आणि माणूस आडवा. गडबड ब्रेकमध्ये नव्हती, हिसक्यात होती. पण आम्ही शहाण्यांनी ब्रेकच सोडून दिला, आणि पोरांनाही तेच पढवलं. आजही गॅरेजात येणाऱ्या गाड्या उघडून बघ. मागचे पॅड पार लोखंडाला लागलेले, पुढचे जवळजवळ नवे. गाडी आत आली की दोन मिनिटांत कळतं, चालवणाऱ्याला कुणी शिकवलं असणार. माझ्यासारख्यानं.

तर पुढचा ब्रेक धरायचा, पण धार काढताना सडावर दाब देतात तसा. आधी दोन बोटांनी नुसता स्पर्श, गाडीचं नाक जरा खाली बसू दे, मग दाब वाढवत न्यायचा. एबीएस कामाला लागला की लिव्हर बोटांखाली थरथरते. पहिल्यांदा घाबरून माणूस ती सोडून देतो आणि तिथंच घात होतो. थरथरू दे, धरून ठेव. स्क्रीनवर एबीएसचा सुपरमोटो म्हणून एक पर्याय दिसेल, त्यात मागच्या चाकाचा एबीएस बंद होतो. तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठी राहू दे.

दुसरी सवय डाव्या हाताची. ॲक्टिव्हावर अचानक कुत्रं आडवं आलं की तुझा डावा हात आपोआप आवळतो. ड्यूकवर डाव्या हाताला क्लच आहे. तो आवळलास की गाडी थांबायची राहिली बाजूला, इंजिनचा जो काही अडसर होता तोही सुटतो आणि ती मोकळी पुढं पळते. डोक्याला हे एका मिनिटात पटतं, हाताला पटायला महिना लागतो.

ब्रेक आधी का धरायचा याचा हिशेबही करून ठेव. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर, म्हणजे दीड एसटी. धोका दिसून बोटं लिव्हरवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर दीड एसटी संपली, आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापुढचं अंतर चौपट होतं. पुणे-नाशिक रस्त्याला कंटेनरच्या मागं चालताना हे आठव. ड्रायव्हरचा आरसा तुला दिसत नसेल तर त्याच्या लेखी तू रस्त्यावर नाहीसच.

पण खरं सांगू? तू पडलीस तर वेगात नाही, उभ्या-उभ्या पडशील. गाडी १६८ किलोची, तुझ्या तिप्पट. तुझी उंची पाच फूट दोन, म्हणजे टेकतात ते चवडेच. चौकात गाड्या अडकलेल्या, हँडल वळवलेलं, गाडी चालण्याच्या वेगानं सरकतीय, आणि रिक्षावाला मध्ये घुसला. अशा वेळी वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक धरलास की गाडी आतल्या बाजूला बसते आणि चवड्यांवर ती सावरत नाही. म्हणजे आत्ताच वर लिहिलं त्याच्या बरोबर उलटं: हँडल वळलेलं आणि वेग चालण्याएवढा असेल तर पुढचा सोड, क्लच अर्धा आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय. तरी पडायलाच लागली तर पडू दे, पाय काढून घे. लिव्हर बाजारात मिळते, गुडघा मिळत नाही.

रेसचं, म्हणजे ॲक्सिलरेटरचं, एकच सांगतो. आमच्या आरएक्सला ११ हॉर्सपॉवर होती, तुझ्या गाडीला ४६. स्पीडब्रेकरवर गाडी उडाली की अंग मागं जातं, मनगट खाली येतं आणि तुझ्या मनात नसताना रेस पिळली जाते. आमच्या वेळी त्यानं नुसता धूर व्हायचा. म्हणून गुडघ्यांनी टाकी धर, कोपरं ढिली ठेव, हँडलला लोंबकळू नको.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट. माझ्या उजव्या कोपराचा डाग विहिरीच्या पायऱ्यांवर पडल्याचा नाही. तेव्हा मी एकवीस वर्षांचा, दुसऱ्याच्या गॅरेजात हाताखाली. एका गिऱ्हाईकाची आरएक्स दुरुस्त करून 'ट्रायल' मारायला पाटणच्या रस्त्याला नेली. ट्रायल कसली, मिरवायचं होतं. उसाचा सीझन, एका वळणावर ट्रॉलीतनं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, सांडलेलं. गाडी जरा रुंद गेली आणि समोर मैलाचा पांढरा दगड दिसला. मी दगडाकडं बघितलं. बाजूला सगळं मोकळं रान होतं ग, बैलगाडी वळेल एवढं. पण मी दगडाकडंच बघत राहिलो, आणि जिथं बघितलं तिथंच गाडी गेली. पाय मागच्या ब्रेकवर जीव खाऊन दाबलेला, पुढच्या ब्रेकला बोटसुद्धा लावलं नाही. सात महिने पगार कापला गेला. तुझ्या आजीला विहिरीचं सांगितलं, मग लग्नात तुझ्या आईलाही तेच, आणि तेच चालू राहिलं. आईला आज खरं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं.

त्यामुळं वळणात जिथनं बाहेर पडायचं तिथं बघ, ज्याची भीती वाटते त्याच्याकडं नको. हे वाचून येत नाही, मला माहीत आहे.

हेल्मेट घेतलंस ते दिसलं, हातमोजे फोटोत नाहीत. पडताना माणूस आधी तळहात पुढं करतो. त्या तळहातांवर तुझी नोकरी चालते, तेव्हा या महिन्यात तेवढं घे. चेनला दर पाचशे किलोमीटरला तेल, टायरची हवा सकाळी गाडी गार असताना, आणि पहिल्या सर्व्हिसपर्यंत इंजिन ताणायचं नाही. हे तुला मी काय सांगावं, तू माझ्याहून जास्त वाचलं असशील.

गणपतीला गाडीवर येते म्हणालीस. या वर्षी एसटीनं ये. वाटेत खंबाटकीचा घाट, परत जाताना पुण्यात शिरताना नवले पुलाचा उतार, शेजारी ट्रक, वर पाऊस. दिवाळीला ये, तेव्हा शिरवळपर्यंत मी स्प्लेंडर घेऊन समोर येतो. आईला अजून सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. कंपनीजवळ एखादं मोकळं पटांगण बघून ठेव, डांबरी असेल तर बरं. ऑइलचे सहा रिकामे डबे आणतोय, त्यांच्यामधनं पहिल्या गिअरवर इंग्रजी आठचा आकडा काढायचा, आणि मग चाळीसवरनं पुढच्या ब्रेकनं थांबायचं, वीस वेळा. क्लचची एक लिव्हर आणि ब्रेकची एक, जादाची सांगून ठेवलीय, शनिवारपर्यंत येईल. आई शेंगदाण्याची चटणी देणार आहे, डबा मोकळा करून ठेव.

तुझा,
पप्पा