पंचनामे लिहिणाऱ्या लेकीस

भुसावळ

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू लिहिलंस, ‘बाबा, माझी कविता सुटली. दिवसभर पंचनामे, रात्री अहवाल. वही उघडलेली नाही.’ फोनवर या विषयाचं मातेरं झालं असतं, म्हणून कागद घेऊन बसलोय.

कविता सुटली हे मला पटत नाही, आणि त्याला पुरावा तुझाच आहे. परतीच्या पावसानंतर तू आईशी बोलत होतीस, मी शेजारीच होतो. तू म्हणालीस, ‘अगं, कापायला आलेलं भात पाण्यात आडवं पडलंय. दाणा लोंबीवरून सुटलासुद्धा नाही आणि तिथंच त्याला हिरवा कोंब आलाय.’ तुझी आई लसूण सोलायची थांबली. आम्ही केळी-कपाशीच्या मुलखातली माणसं, भाताच्या खाचरात कधी पाय घातलेला नाही. तरी ते शेत आमच्या स्वयंपाकघरात आलं.

त्याच रात्री शुद्धलेखन बघायला म्हणून तू पंचनाम्याचा मसुदा पाठवलास. त्यात होतं, ‘सततच्या पावसामुळे सदर गटातील भात पिकाचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झाल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले.’ चूक काढायला जागा नव्हती. पण हे वाक्य कुठल्याही गावच्या, कुठल्याही पिकाच्या, कुठल्याही वर्षीच्या पंचनाम्यात जसंच्या तसं बसेल. फोनवरचं वाक्य मात्र त्या एकाच खाचराचं होतं. मग शेऱ्याच्या रकान्यात ते का जाऊ नये? ‘कापणीस आलेले भात आडवे पडून पाण्यात, लोंब्यांवरच दाण्यांना कोंब.’ गट नंबर, क्षेत्र, टक्केवारी आपापल्या जागी राहू दे. मदत मिळायला 33 टक्के नुकसानीची अट आहे, तिथे आकडाच लागतो, आणि तो आकडा काटेकोरच हवा. पण तालुक्याला बसून तो कागद वाचणाऱ्याला या एका ओळीत कळतं की हा दाणा आता विकायचाही राहिला नाही आणि बियाण्याचाही. आणि कुणीतरी बांधावर उभं राहून, वाकून, लोंबी हातात घेऊन बघितली आहे, हेही कळतं.

कवितेचा गाभा मला यातच दिसतो. थांबून बघायचं, आणि दिसलं ते दुसऱ्याला दिसेल अशा शब्दांत ठेवायचं. वृत्त, यमक, अलंकार मला किती प्रिय आहेत ते तुला ठाऊक आहे, पण ते सगळं या बघण्याच्या मागून येतं.

बालकवींची ‘औदुंबर’ तुला लहानपणापासून पाठ आहे. आठच ओळी. आज ती पाहणी अहवाल वाचतेस तशी वाच. झरा आहे, रंग निळासावळा, बेटाबेटांतून वाहतो. पैल टेकडीकडे गाव आहे, घरं चार. गावापुढे शेतमळ्यांची हिरवी गरदी. त्यातून एक पायवाट, पांढरी, ‘अडवीतिडवी’ पडलेली. ती कुठे जाते तेही नोंदवलंय: हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे. दिशा आहे, रंग आहेत, घरांची संख्यासुद्धा आहे. सुंदर, रम्य, मनोहर हे शब्द शोधून सापडत नाहीत. बघणाऱ्याला आनंद झाला की उदास वाटलं, हेही कुठे लिहिलेलं नाही. आणि मग या दोन ओळी येतात:

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

काठावरच्या झाडाची सावली पाण्यावर पडली, एवढीच घटना. पण नजर कशी फिरवून आणली आहे ते बघ. आधी दोन्ही तटांवरची हिरवाळ, मग पाणी, मग लांबची टेकडी, तिथून पायवाटेचं बोट धरून परत खाली पाण्याशी. आणि या प्रवासात रंग हिरव्याकडून काळ्याकडे सरकत गेला, आपल्याला पत्ता न लागता. आपण डोहाशी पोचतो तेव्हा तो तिथे आधीपासून बसलेला असतो. समीक्षकांनी या औदुंबराचे नाना अर्थ लावले, कुणाला त्यात विरक्ती दिसली, कुणाला मृत्यूची छाया. मला ते अर्थ खोटे वाटत नाहीत. पण बालकवींनी त्यातला एकही सांगितलेला नाही. त्यांनी झाडाला पाय टाकून पाण्यात बसवलं आणि बाजूला झाले. आठ ओळींत झाडाचं माणूस झालं ते त्या एका जागी, शेवटी. आधीच्या ओळी इतक्या प्रामाणिकपणे बघितलेल्या आहेत म्हणून त्या जागी आपण विश्वास ठेवतो.

ती मोठ्याने म्हण, हे मात्र नक्की कर. ‘बेटाबेटांतुन’ म्हणताना जीभ अडत, वळत जाते, पाण्यासारखीच. मनातल्या मनात वाचलं तर हे हाती लागत नाही.

मला ही कविता इतकी का चिकटली, त्याला माझी रेल्वेतली गार्डची नोकरीही कारण आहे. जळगावहून गाडी भुसावळकडे निघाली की भादली लागतं. बालकवी त्या स्टेशनाजवळ 5 मे 1918 रोजी रेल्वे अपघातात गेले. वय 27. मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे शेवटच्या डब्यात, गार्ड एकटाच असतो. भादली मागे पडलं की मी ‘ऐल तटावर पैल तटावर’ सुरू करायचो, चाकांच्या ठोक्यांवर. मार्चच्या 21 तारखेला जागतिक कविता दिन असतो, युनेस्कोने तो 1999 मध्ये ठरवला. आपल्याकडे 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो. त्या दिवशी कार्यक्रम होतात, मी आवडीने जातो, पहिल्या रांगेत बसतो. पण माझ्या दृष्टीने कविता सर्वांत जास्त साजरी झाली ती त्या डब्यात, हातात हिरवा कंदील असताना.

आता आपल्या जळगावची एक गोष्ट, जी तुझ्या शाळेत कुणी सांगितली नसेल. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं. महाराष्ट्रातलं पहिलं म्हणतात ते हेच. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरसवदा कवीला ‘बालकवी’ हे नाव त्यांनी त्या संमेलनात दिलं. आणि त्याच जळगावात तेव्हा बहिणाबाई चौधरी सासरी नांदत होत्या. जन्म 1880 चा, माहेर आसोदा. शेत, जातं, चूल, लेकरं. लिहिता-वाचता येत नव्हतं. इकडे कवी मंडळी जमलेली आणि त्याच गावात ही बाई दळता-कांडता ओव्या रचते आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर नेहमी येतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ऐकून उतरवून घेतली. 1951 मध्ये त्या गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

त्यांचं ‘अरे संसार संसार’ आपण इतकं ऐकलंय की ते ऐकू येईनासं झालंय. ‘आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर’ हा क्रम बघ. भाकरी तव्यावर टाकून तिच्यावर पाण्याचा हात फिरवताना बोटांना धग लागते. भाकरी फुगते, उतरते, ती नंतर. हे सुचायला भाकरीच भाजावी लागते. आणि त्यांच्या दुसऱ्या एका कवितेतली ही ओळ तर तुझ्या शेतीखात्यातली आहे: ‘बिना कपाशीनं उले, त्याले बोंड म्हनू नही.’ आत कापूसच नसताना उकललेलं बोंड म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. तू त्या पिकावर शिकलीस. ही ओळ कपाशीच्या ओळींतून वाकून चालणाऱ्या बाईची आहे. बहिणाबाईंचं काम एकीकडे आणि कविता दुसरीकडे असं कधी झालंच नाही. दोन्हींचं साहित्य एकच होतं. म्हणून पंचनाम्यांनी तुझी कविता खाल्ली असं तू म्हणतेस, ते मला उलट दिसतं. कॉलेजात तू चांदण्यांवर लिहायचीस, आणि गोड लिहायचीस. पण कोंब आलेली लोंबी तुला तेव्हा माहीत नव्हती.

तू म्हणशील, सरकारी कागदाला हे चालत नाही. माझीही नोकरी सरकारी कागदांतच गेली. गाडी सुटण्याआधी ड्रायव्हरला आणि गार्डला ‘कॉशन ऑर्डर’ मिळते. कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत, वेग किती ठेवायचा, कशासाठी. तिथे शोभेचा शब्द चालत नाही, आणि एकही शब्द गाळता येत नाही. चांगल्या ओळीतला शब्द असाच असतो. नेमकेपणा आणि कविता यांचं वैर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी दोहोंपैकी एकाशी तरी नीट ओळख करून घ्यायला हवी.

म्हणून माझी विनंती अशी नाही की तू अहवालात उपमा घाल. ‘निसर्ग कोपला’, ‘बळीराजाच्या डोळ्यांत अश्रू’, ‘तोंडचा घास हिरावला’ ही भाषा तर अजिबात नको. कधीतरी कुणाच्या तरी तोंडी ती खरी असेल. आता ती वाचून कुणालाही शेत दिसत नाही, आणि रडणारा माणूसही दिसत नाही. ज्याचं भात गेलं त्याच्याविषयी लिहिताना आयते शब्द वापरणं मला त्या माणसाचा अपमान वाटतो. त्याने स्वतः काय म्हटलं ते लिही. तो खाचर म्हणतो, खळं म्हणतो, भारा म्हणतो, ते शब्द तसेच घे. ‘करण्यात आले’ दिसलं की थांब आणि कुणी केलं ते विचार. आणि पाठवण्याआधी मोठ्याने वाच. जिथे श्वास अडकतो तिथे बहुधा काहीतरी लपवलेलं असतं, नाहीतर तुलाच ते पुरतं कळलेलं नसतं.

हे कचेरीपुरतं नाही. आपल्या गल्लीतले एक काका गेल्या महिन्यात वारले. ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली, तेच फूल, तीच दिव्याची ज्योत. तुझ्या आईने लिहिलं, ‘सकाळी तुमच्या फाटकाची कडी वाजली की मला कळायचं सव्वासहा झाले. आता घड्याळ बघावं लागतं.’ दुसऱ्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, हे मला कागदावर लिहून दे. तुझ्या आईने आयुष्यात कविता लिहिलेली नाही, आणि लिहायची तिला इच्छाही नाही. पण त्या दोन वाक्यांत गेलेला माणूस होता, त्याची वेळ होती, त्याच्या फाटकाचा आवाज होता. वाढदिवसाला, लग्नाला, बाळ झाल्यावर आपण जे चार शब्द पाठवतो, त्यांत त्या माणसाची स्वतःची अशी एक तरी गोष्ट असावी. बाकी शुभेच्छा हार्दिक असतातच.

आपल्या भाषेत हे पूर्वीपासून साध्या साध्या जागी आहे. किराण्याच्या दुकानातली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी घे: चार शब्द, चटकन तोंडात बसणारे, आणि गिऱ्हाइकाला न दुखावता नाही म्हणणारे. पोस्टकार्डाच्या शेवटचं ‘कळावे, लोभ असावा’ घे. लग्नात ऐन वेळी सुचलेला उखाणा घे. तुझी आजी पाहुण्याला निरोप देताना ‘जाते’ म्हणू द्यायची नाही, ‘येते म्हण’ म्हणायची. यांतल्या कुणाला आपण कवी आहोत असं वाटत नव्हतं, पण बोलण्याची त्यांना पर्वा होती.

तुझं काम गणपतीपुळ्याच्या बाजूला असतं म्हणालीस. तिथून मालगुंड अगदी हाकेवर आहे. केशवसुतांचं ते गाव, जन्म 1866 चा. त्यांच्या घराचं स्मारक कोकण मराठी साहित्य परिषदेने केलंय. एखाद्या रविवारी जाऊन ये. ‘तुतारी’ सगळ्यांना माहीत असते, तू तिथे बसून ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ वाच. कवितेला असं नाव द्यायचं धैर्य शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने दाखवलं. ते नाव तुझ्या खात्याच्या फायलीवरही चालेल, आणि ती कविता आहे. आयुष्य पुरतं चाळीस वर्षांचंही मिळालं नाही त्यांना. 1905 मध्ये गेले.

तुझ्या शेऱ्याच्या रकान्यात किती शब्द मावतात, ते मला कळव. वरिष्ठांनी ओळ कापली तर वाईट वाटून घेऊ नकोस, आपल्याकडे ठेवून दे. आणि ती मला पाठव. तुझ्या कुठल्याही कवितेइतकीच मी ती जपेन.

तुझ्या पायांना चिखल्या झाल्यात असं आईकडून कळलं. मलम कुरियरने पाठवलंय, रात्री पाय कोरडे करून लाव, आणि खाचरात उतरताना बूट घालत जा. दिवाळीचं तिकीट आताच काढ, वेटिंगवर विसंबू नकोस. आईने चकलीची भाजणी दळून आणली आहे.

तुझा,
बाबा