अरोमाथेरपी शिकायला निघालेल्या मुक्तास

पुणे

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

अरोमाथेरपी शिकायचं ठरवलंस, मनापासून आवडलं. नाक तुझं तिखट आहेच; पण या कामात विचारायची आणि मोजायची सवय त्याहून जास्त लागते.

बाटलीला हात लावण्याआधी समोरच्याला विचार: दमा, फिट्स, कसली ॲलर्जी? रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विंटरग्रीनचं तेल अजिबात नको. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट कातडीतून शोषलं जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. दिवस गेल्याचं बायका चारचौघांत सांगत नाहीत, ते बाजूला घेऊन हळूच विचार. आणि आजार बरा करण्याचा शब्द कुणाला देऊ नकोस.

३० मिली साध्या तेलात सुगंधी तेल २ टक्के म्हणजे ०.६ मिली, साधारण १२ थेंब. चेहऱ्याला १ टक्का पुरे. पण थेंबांवर विसंबू नकोस. वाळ्याचं तेल दाट, त्याचा थेंब लिंबाच्या थेंबाएवढा पडत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घे आणि प्रत्येक मिश्रण तारखेसकट वहीत लिही. मिसळायच्या साध्या तेलांत खोबरेल आपल्याकडच्या थंडीत थिजतं. बदाम तेल बरं, मात्र सुक्या मेव्याची ॲलर्जी विचारून. घाण्यावरच्या तिळाच्या तेलाला स्वतःचाच वास फार.

सर्वांत जपायचं ते लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलाला. ते हाताला लावून कुणी दुपारच्या उन्हात स्कूटरवर निघालं, तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, काळे डाग कित्येक महिने जात नाहीत. दोष त्यातल्या फ्युरोकुमरिन या घटकाचा. वाफेवर काढलेल्या तेलात ते उतरत नाही. म्हणून तेल कसं काढलंय ते विकणाऱ्याला विचारायचंच. वनस्पतीचं शास्त्रीय नावही बघ: लव्हेंडर अँगुस्टिफोलिया असेल तर वास मऊ, लॅटिफोलिया असेल तर कापरासारखा उग्र.

बाटली उघडलेली तारीख तिच्यावर लिही. लिंबूवर्गीय आणि टी-ट्री तेलं हवेने लवकर बिघडतात, मग तेच तेल खाज आणतं. अर्धी झालेली बाटली लहान गडद बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेव.

वासाचा सराव कागदाच्या पट्टीवर कर: लगेच, अर्ध्या तासाने, दुसऱ्या दिवशी. चार-पाच पट्ट्यांनंतर नाक थकतं, तेव्हा गच्चीत जा. सरावाच्या दिवशी अंगाला अत्तर नको. दवणा आणि मरवा डोळे मिटून ओळखता यायला हवेत. रविवारी मंडईतून दोन्हीच्या जुड्या आणून ठेवते.

तुझी,
आई