वर्गणी खात्यातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

मोडी लिपी शिकणाऱ्यांना दर शुक्रवारी एक जुना कागद, त्याचं ओळीओळीचं वाचन आणि अवघड अक्षरांची फोड, असं मासिक वर्गणीवर वेबसाइटवरून द्यायचं माझ्या मनात होतं. अक्षरओळखीचे वर्ग पुण्यात होतात. अडतं ते पुढे. वर्ग संपला की सराव सुटतो, आणि शब्द न तोडता लिहिलेलं खरेदीखत समोर आलं की माणूस पहिल्या ओळीतच गारद.

साइट उभी राहिली पटकन. वर्डप्रेस, त्यावर सभासदत्वाचं प्लगइन, भाच्याची मदत. गाडी अडली पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेच्या, अर्जावर. अटी, गोपनीयता, वर्गणी रद्द करणं, परतावा, संपर्क, ही पानं असल्याशिवाय पुढे सरकता येईना. भाचा म्हणाला, तयार मजकूर मिळतो, डकवून टाकू. तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, "अगं, पण शुक्रवारी कागद गेलाच नाही, तर तू काय करणार?"

नारायण पेठेतल्या एका मासिकाचं वर्गणी खातं तुम्ही वर्षानुवर्षं सांभाळलंत. दुसऱ्या दिवशी त्याचं जुनं रजिस्टरच घेऊन आलात. नाव, पत्ता, वर्गणी संपण्याचा महिना, आणि शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईत 'अंक गहाळ, पुन्हा पाठवला'. काही नावांपुढे हा शेरा तीन-तीनदा. "गहाळ पोस्टात व्हायचा, पण नाव आपलं जायचं," म्हणालात. तिथेच बसून आपण परताव्याचं पान लिहिलं: कागद चुकला तर त्या महिन्याची वर्गणी परत. गेटवेला ते चाललं, आणि वाचकांनाही कळतं.

'वर्गणी संपत आली' हे कार्ड धाडायची तुमची पद्धत आता नियमात आली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ ऑक्टोबर २०२१ पासून डेबिट-क्रेडिट कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापायचे तर ग्राहकाला किमान २४ तास आधी सूचना जावी लागते. ती बँकेकडून जाते. हे सांगितल्यावर तुमचं उत्तर: "२४ तास? आम्ही महिनाभर आधी कळवायचो!" म्हणून माझी वेगळी मेल आठवडाभर आधी जाते.

'रद्द करा' हे बटणही तुम्हीच वर आणायला लावलंत. भाच्याला ते कुठेतरी आत हवं होतं. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकांना ऑनलाइन गंडवणाऱ्या फसव्या क्लृप्त्यांचे १३ प्रकार जाहीर केले, त्यात वर्गणीतून बाहेर पडणं अवघड करणं हाही एक आहे. भाच्याला ते वाचून दाखवलं. जीएसटीची धास्ती सीए मैत्रिणीने घालवली: सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाखांवर जाईपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. माझे अंदाज बघून ती हसली, ते सोडा.

पण सगळ्यांत मोलाचं ठरलं ते तुमचं हटून बसणं, की दोन महिन्यांचे कागद तयार झाल्याशिवाय एकाचीही वर्गणी घ्यायची नाही. तेव्हा मी चिडले होते. मग गणपतीत पाहुण्यांनी घर भरलं, पाठोपाठ मला ताप आला, आणि तरीही शुक्रवारचे कागद वेळेवर गेले. वाचकांना कळलंदेखील नाही.

आता दिवाळीपासून वार्षिक वर्गणी सुरू करायची आहे. तुम्ही म्हणता दोन महिन्यांची सूट दे, मी म्हणते एक पुरे. रविवारी काकूंना घेऊन जेवायलाच या, म्हणजे मिटवून टाकू.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची मोडीवाली